मौनाचे भांडवल

हिंगोली शहराच्या इतिहासातील एका नोंदीकडे आज सहसा कोणी वळून पाहत नाही. निजामाच्या राज्यातील कंटिंजंट फौजेची छावणी येथे होती, आणि इ. स. १८३३ च्या सुमारास ठगांच्या बंदोबस्ताची मोहीम ज्या ठाण्यांवरून प्रथम हाती घेण्यात आली, त्यांत हिंगोलीचे नाव येते. ठगांविषयी इंग्रज अंमलदारांनी जे लिहून ठेवले, त्यात अतिशयोक्तीचा अंश पुष्कळ आहे असे अलीकडचे अनेक इतिहासकार म्हणतात, आणि ते म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. तथापि त्या लिखाणात ठगांच्या टोळीतील कामाच्या वाटणीचे जे वर्णन आढळते, ते कोणत्याही काळी विचार करण्याजोगे आहे. वाटसरूशी ओळख काढणारा तो सोथा. प्रत्यक्ष गळ्याभोवती रुमाल आवळणारा तो भुर्तोट. आणि खड्डा खणून प्रेत नाहीसे करणारा तो लुघा. यांपैकी सोथाच्या हाती कोणतेही हत्यार नसे. गोड बोलणे, वाटेतील धोक्यांची काळजी दाखविणे, सोबतीचा भरवसा देणे एवढेच त्याचे काम, आणि त्या कामासाठी तो हवे तितके दिवस खर्च करी. सोथाचे काम एकदा साधले म्हणजे पुढील दोघांचे काम सोपे असे.

आजच्या सोथाला रस्त्यावर उभे राहावे लागत नाही. त्याचा वाटसरू घरातच, बहुधा पांघरुणाखाली, हातात मोबाइल धरून बसलेला असतो आणि त्याचे वय तेरा ते सतराच्या दरम्यान असते. ओळख एखाद्या खेळात होते किंवा इन्स्टाग्रामवर होते. आरंभी स्तुती असते. पुढे खेळातील एखादी भेट, मोबाइलचा एखादा रिचार्ज, परीक्षेतील अपयशाबद्दल सहानुभूती. घरात ज्याचे म्हणणे कोणी ऐकून घेत नाही, त्याचे सारे म्हणणे ऐकून घेणारे एक माणूस प्रथमच भेटते. मग सर्वांदेखत चालणारा संवाद खासगी जागी हलविला जातो, 'हे कोणाला सांगू नकोस' असे वचन घेतले जाते आणि एके दिवशी छायाचित्राची मागणी येते. छायाचित्र हाती पडले की भाषा बदलते. या साऱ्या क्रमात 'कोणाला सांगू नकोस' ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. तिच्यानंतर जे घडते, ते सारे तिच्या आधारावर घडते.

महाराष्ट्रात या विषयाची मोठी चर्चा झाली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. सायबर जागृती महिन्याच्या उद्घाटनाचा समारंभ ३ ऑक्टोबर रोजी मुंबईत राज्य पोलिस मुख्यालयात झाला, आणि त्यात अभिनेते अक्षय कुमार यांनी आपल्या घरातील प्रसंग सांगितला. त्यांची मुलगी मोबाइलवर अनोळखी व्यक्तीबरोबर एक खेळ खेळत होती. समोरून कौतुकाचे संदेश आले, मग कोठली आहेस अशी विचारणा झाली, मग मुलगा की मुलगी, आणि लगेच नग्न छायाचित्रांची मागणी. मुलीने सारे बंद केले आणि ती आईकडे गेली. सातवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्यातून एक सायबर तासिका असावी, अशी मागणी त्यांनी त्याच व्यासपीठावरून मुख्यमंत्र्यांकडे केली. वृत्तपत्रांनी मागणी त्याच प्रकारची आणि प्रश्न प्रसिद्ध कुटुंबाचा म्हणून बातमी ठळक छापली. परंतु त्या निवेदनात एका शब्दाने उरकलेली गोष्टच खरी मोलाची होती. ती मुलगी आईकडे गेली. तिला आईकडे जाण्यासाठी काहीही किंमत मोजावी लागली नाही.

सेनगाव, कळमनुरी किंवा औंढा तालुक्यातील एखाद्या मुलीस आईकडे जाण्यासाठी किती किंमत मोजावी लागेल, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या भाषेत विचारणे काहींना रुक्ष वाटेल. पण तो तसा विचारल्याखेरीज या गुन्ह्याचे मर्म हाती लागत नाही.

प्रथम एक गोष्ट मान्य करावयास हवी की, मोबाइल आता या जिल्ह्यात चैनीची वस्तू राहिलेली नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्या घरांत दुचाकीची चाके झिजल्यावर बदलणे लांबणीवर पडत होते, त्या घरांतही उसनवारी करून स्मार्टफोन आला. 'असर' या वार्षिक पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळकरी मुलांच्या ज्या घरांत स्मार्टफोन होता, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२१ मध्ये ते ६७.६ टक्के झाले. शिष्यवृत्तीचा अर्ज, अकरावीचा प्रवेश, प्रवेश परीक्षेचे ओळखपत्र, पीकविम्याची नोंद हे सारे त्याच चौकोनातून होते. दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी जी जोडपी पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे जातात, त्यांची मागे आजीजवळ राहिलेली मुले आईचे तोंड पाहतात तेही त्यावरच. अशा घराला 'मुलांच्या हाती मोबाइल देऊ नका' असा उपदेश करणे म्हणजे विहीर खोल आहे म्हणून पाणी पिऊ नका असे सांगणे होय. व्याख्यानांच्या मोसमात हा उपदेश मोठ्या उत्साहाने केला जातो आणि व्याख्यात्याच्या खिशातील फोन मध्येच वाजतो.

याच पाहणीच्या २०२४ सालच्या अहवालात १४ ते १६ वयोगटातील मुलांना स्वतंत्रपणे प्रश्न विचारण्यात आले होते. स्मार्टफोन वापरता येतो असे सांगणारी मुले ८२ टक्के होती. त्याआधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी त्याचा उपयोग केलेली ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी केलेली ७६ टक्के. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी नको असलेल्या व्यक्तीला रोखावे कसे किंवा तिची तक्रार करावी कशी हे ६२ टक्के मुलांना ठाऊक होते. आपले खाते खासगी कसे करावे हे सुमारे ५५ टक्क्यांना. म्हणजे दार आहे, कडी आहे, पण दहांतील चारांना ती लावता येत नाही. हे कौशल्य शिकविता येईल, आणि एका तासिकेत शिकविता येईल. त्यात मुली मुलांच्या मागे आहेत, कारण स्वतःचा फोन असण्याचे त्यांचे प्रमाण कमी आहे. दुसऱ्याच्या फोनवर चोरून घालविलेल्या वेळात कोणी कडी लावणे शिकत नाही.

मात्र कौशल्याने प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. अकरावीत शिकणारी एखादी मुलगी कल्पनेत आणावी. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने ती रोज तालुक्याच्या गावी जाते. फोन भावाचा आहे, रात्री तासभर तिच्या हाती असतो. तिचे एक छायाचित्र परक्याच्या हाती गेले आहे आणि आणखी पाठव, नाहीतर हे गावभर करीन अशी धमकी आली आहे. तिच्यापुढे दोन मार्ग आहेत. गप्प राहून धमकी देणाऱ्याचे ऐकत जावे. किंवा घरी सांगावे. घरी सांगितल्यास काय होईल याचा हिशेब तिने फार पूर्वी मांडलेला असतो, कारण शेजारच्या घरात तो घडताना तिने पाहिलेला असतो. फोन जाईल. बस बंद होईल. पाठोपाठ कॉलेज जाईल. आणि त्यानंतर, बहुधा त्याच लग्नसराईत, स्थळ येईल. हा अंदाज भित्र्या मनाचा खेळ नव्हे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्यापूर्वी झाले होते, त्यांचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. हिंगोली जिल्ह्यात ते सुमारे ३७ टक्के, तर १९९९ मध्ये ज्या जिल्ह्यातून हिंगोली वेगळा काढण्यात आला त्या परभणीत ४८ टक्के. आईबापांचा हेतू दुष्ट असतो असे नाही. 'मुलीचे काही वाकडे होण्याआधी उजवून टाकावी' ही भीती हेच बालविवाहाचे एक जुने कारण आहे, आणि मोबाइलने त्या भीतीला नवे निमित्त पुरविले आहे.

अशा स्थितीत ती मुलगी गप्प राहते, हे तिचे अज्ञान नव्हे. तिच्यासमोर ठेवलेल्या किमतींचा तो चोख हिशेब आहे. धमकी देणाऱ्याचे भांडवल म्हणजे ते छायाचित्र नव्हेच. घरी कळले तर काय होईल ही भीती हे त्याचे भांडवल, आणि ते त्याला आयते मिळालेले असते. त्याने ते कमावलेले नाही. घराने, नात्यागोत्याने आणि गावाने ते वर्षानुवर्षे साठवून त्याच्या हवाली केले आहे. फोन काढून घेण्याचा आणि शिक्षण थांबविण्याचा प्रत्येक प्रसंग त्या भांडवलात भर घालतो, कारण तो प्रसंग आजूबाजूच्या दहा मुलींना मौनाचा धडा देऊन जातो.

मराठी मुलखाला अशा कर्जाची ओळख नवी नाही. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि तो उठाव पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की, जमावाला सावकाराच्या घरातील पैशाअडक्यापेक्षा कर्जरोखे हवे होते. रोखे हाती आले की ते जाळण्यात येत. कारण मुद्दल कितीही वेळा फिटले तरी अंगठा उठविलेला कागद जोवर पेटीत आहे, तोवर देणे संपत नाही हे कुणब्याला नेमके कळले होते. छायाचित्राच्या धमकीतील देणेही असेच असते. एकदा पैसे दिल्याने, एकदा सांगितलेले ऐकल्याने ते फिटत नाही, उलट देणाऱ्याची ऐपत सिद्ध होते आणि मागणी वाढते. फरक एवढाच की हा कागद जाळता येत नाही. त्याच्या हव्या तितक्या नकला निघतात.

परंतु त्या दंग्यांनंतर जे घडले त्याकडे फारसे लक्ष वेधले जात नाही. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना रोख्याच्या पाठीमागे जाण्याचा अधिकार दिला. कागदावर अंगठा आहे एवढ्यावर निकाल न देता मूळ रक्कम किती होती, ती कशी वाढली, सही कोणत्या परिस्थितीत घेतली गेली याची चौकशी न्यायाधीशाने करावी, असे त्या कायद्याचे तत्त्व होते. घरातील न्यायालयात हे तत्त्व अद्याप पोहोचलेले नाही. तेथे छायाचित्र हाच मुलीविरुद्धचा अखेरचा पुरावा ठरतो. ते कोणी, किती दिवसांच्या गोड बोलण्यानंतर, कोणते वचन देऊन मिळविले, हे विचारण्याआधीच निकाल लागलेला असतो.

मुलांच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे आहे. त्यांच्याकडून बहुधा शरीर मागितले जात नाही, पैसा मागितला जातो. पडद्यावर एखादी तरुणी येते, दोन मिनिटांचा संवाद होतो, तो चित्रित केला जातो आणि पुढच्या क्षणी मित्रांची व नातलगांची यादी समोर धरून रक्कम सांगितली जाते. पुण्यात २०२२ मध्ये एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने अशा धमक्यांच्या ओझ्याखाली आपला जीव दिला. तपास करीत पोलिस राजस्थानातील अलवर जिल्ह्यातील एका खेड्यापर्यंत पोहोचले आणि तेथे अटक झाली. मुलगा आहे, त्याला काय होते, अशी समजूत असलेल्या घरांनी ही घटना लक्षात ठेवावयास हवी. मुलगा बोलत नाही तो लग्नाच्या भीतीने नव्हे, हसे होईल या भीतीने. मौनाचा परिणाम मात्र सारखाच.

येथे टोळीतील कामाच्या वाटणीकडे पुन्हा वळावे लागते. आजचा सोथा ओळख काढतो, दुसरा कोणी पोलिस अधिकारी किंवा वकील बनून धमकावतो, आणि तिसऱ्याचे काम पैशाचा माग पुसण्याचे. या तिसऱ्या कामासाठी लागतात दुसऱ्यांच्या नावावरची बँक खाती आणि सिमकार्डे. ती कोठून येतात? बेकार तरुण महिन्याला काही रक्कम घेऊन आपले खाते वापरावयास देतात, आणि ते कशासाठी वापरले जाते हे विचारीत नाहीत. कोणताही मागास जिल्हा या व्यवहारात केवळ बळी नसतो. हळदीच्या बाजारात उलाढाल असलेल्या गावात चार खाती भाड्याने मिळविणे अवघड नाही, आणि गुन्हा नोंदला गेल्यावर पहिला हात पडतो तो त्या खातेदारावर. महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांना ही गोष्ट स्वच्छ शब्दांत सांगण्याची निकड आहे.

कायदा अपुरा आहे, ही तक्रार या विषयात फारशी टिकत नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा, 'पॉक्सो' म्हणून ओळखला जाणारा २०१२ चा अधिनियम अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी दोघांनाही लागू आहे, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातून लैंगिक हेतूने बालकाच्या मागे लागणे हाही त्यात अपराध आहे. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षकाहून खालच्या दर्जाची नसलेल्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा असे त्याचे २४ वे कलम सांगते. ठाण्याची पायरी चढण्याच्या लाजेने ज्यांचे पाऊल अडते, त्यांच्यापैकी कितीजणांना हे ठाऊक आहे? माहिती असूनही पोलिसांना न कळविणाऱ्यास शिक्षेची तरतूद आहे. म्हणून सरपंचाच्या ओट्यावर प्रकरण 'मिटवून' घेणारे प्रतिष्ठित स्वतःच अपराधी ठरू शकतात. बालकांचे असे साहित्य निव्वळ बाळगणे आणि पाहणे यांबाबतचा संदेह सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालाने दूर केला. त्याच निकालात या साहित्याला 'बाल अश्लील साहित्य' असे न म्हणता शोषणाचे व अत्याचाराचे साहित्य म्हणावे असा आग्रह न्यायालयाने धरला, आणि तो शब्दच्छल नव्हता. नावातच दोष कोणाचा हे ठरते.

प्रश्नाच्या विस्ताराची कल्पना एका परदेशी आकड्यावरून येते. अमेरिकेतील हरवलेल्या व शोषित बालकांच्या राष्ट्रीय केंद्राकडे २०२३ मध्ये इंटरनेट कंपन्यांकडून व इतरांकडून तीन कोटी साठ लाखांहून अधिक सूचना आल्या; त्यांपैकी सुमारे ८९ लाख भारताशी निगडित होत्या, आणि ती संख्या कोणत्याही देशापेक्षा मोठी होती. सूचनांची संख्या म्हणजे बालकांची संख्या नव्हे, एकच चित्र हजारदा फिरते, हे लक्षात ठेवूनही आकडा अस्वस्थ करणारा आहे. याच केंद्राने 'टेक इट डाउन' ही सेवा चालविली आहे. अठरा वर्षांखालील असताना काढलेले छायाचित्र आपल्याच फोनमध्ये ठेवून त्याची केवळ सांकेतिक खूण तेथे नोंदविता येते, आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून ते चित्र आपल्या माध्यमावर रोखतात. नाव सांगावे लागत नाही. सुप्यात पेटविलेल्या होळीइतके हे निर्णायक नाही, पण रोख्याची किंमत त्याने घटते. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० आणि बालकांसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. ते शाळेच्या भिंतीवर लिहिण्यास रंगाचा एक डबा पुरेल.

दुसरीकडे, सरकारांचा कल मुलांना दारातच अडविण्याकडे आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घेण्याचे बंधन आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि या तरतुदीसाठी कंपन्यांना दीड वर्षाची मुदत देण्यात आली. ज्या घरात बापाच्या फोनवर आलेला संकेतांक मुलगाच वाचून दाखवितो, आजीच्या बँकेचे व्यवहार नातच करते, तेथे पालकांची संमती कोण देणार हे उघड आहे. न वाचलेल्या मजकुराखाली अंगठा घेण्याची रीत या मुलखाने सावकाराच्या दारात पाहिलेली आहे. ती परत येत आहे, एवढेच.

तेव्हा विचार पुन्हा येऊन ठेपतो तो सांगण्याच्या किमतीवर. ती कमी करणे घराच्या हाती आहे, पण केवळ घरावर सोडून चालणार नाही. महाराष्ट्र शासनाने १० मार्च २०२२ च्या निर्णयाने शाळांतून सखी सावित्री समित्या स्थापण्यास सांगितले. अनेक ठिकाणी त्या फलकावरील नावांपुरत्या उरल्या असल्यास नवल नाही. शाळेतील समित्यांची संख्या शिक्षकांच्या संख्येपेक्षा वाढली की असेच होते. तरी या समितीने दुसरे काही न करता एकच काम केले तरी चालेल. तक्रार घेऊन आलेल्या मुलीचे शिक्षण थांबणार नाही, हे तिने पालकांकडून वदवून घ्यावे आणि पुढील सहा महिने तिची हजेरी पाहावी. हजेरी तुटली, तर ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्याला, जो गावापुरता बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही असतो, त्याच आठवड्यात कळवावे. सायबर तासिका आली तर उत्तमच. पण तीत सांकेतिक शब्दांची लांबी शिकविण्यापूर्वी शिक्षिकेने मुलींना सांगावयाचे आहे ते हे की, चित्र पाठविले असले तरी दोष पाठविणारीचा नव्हे, आणि ती सांगायला आली तर तिच्या हातचा फोन व पायाखालची बस दोन्ही राहतील. हे आश्वासन पाळले गेले नाही असे एकदा जरी दिसले, तरी त्या शाळेत पुढे कोणी सांगावयास येणार नाही.

पालकांची सभाही घ्यावी लागेल, आणि तिच्या वेळेचा विचार करावा लागेल. परिपाठाप्रमाणे ती अनेक शाळांत दिवाळीनंतर, सत्र परीक्षेचे निकाल लागल्यावर होते. तोवर सेनगाव आणि औंढा तालुक्यांतील ज्या आईबापांना ही गोष्ट सांगावयाची, ते कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर गेलेले असतात आणि सभेला येतात त्या आज्या. ही सभा दसऱ्यापूर्वी घ्यावी, संध्याकाळी घ्यावी, आणि आज्यांनाही बोलवावे; कारण पुढील पाच-सहा महिने मुलीने कोणाला सांगितलेच, तर ते त्यांनाच सांगावयाचे आहे.